तीस सेकंदांचा फोटो

वाचनालयाच्या मोठ्या दालनात, पिण्याच्या पाण्याच्या नळावरच्या भिंतीवर आजवरच्या ग्रंथपालांचे फोटो ओळीने लावले होते. पाच जण. पाचही पुरुष, पाचही कोटात, आणि पाचही जणांच्या चेहऱ्यावर असा भाव, की समोरच्याने आत्ताच पुस्तकाचं पान फाडलंय. सहावी जागा बाईंची होती. छत्तीस वर्षं त्या काउंटरमागे बसून बाई आता तीन आठवड्यांनी निवृत्त होणार होत्या, आणि समितीचं पत्र आलं होतं: भिंतीवर लावण्यासाठी आपला एक चांगला फोटो लवकरात लवकर द्यावा.

तिथूनच सगळी पंचाईत सुरू झाली.

बाईंचा चष्मा त्या सात वर्षांच्या असल्यापासूनचा. नंबर वाढत वाढत काचा इतक्या जाड झाल्या होत्या, की बाजूने पाहिलं तर त्यांच्यात कड्यांवर कडी दिसायची. आणि आजवर निघालेल्या बाईंच्या एकूण एक फोटोत त्या काचांवर उजेड चमकलेला. शाळेतला फोटो असो, लग्नातला असो, नाहीतर ओळखपत्रावरचा, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चौकोन. त्यांची मुलगी लहानपणी म्हणायची, ‘आईच्या डोळ्यांत ट्यूबलाइट आहे.’

बाई कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेल्या. फोटोग्राफरने दिवे हलवले, छत्री हलवली, बाईंची मान हलवली आणि शेवटी हात टेकले. “जाड चष्म्याला इलाज नाही हो. काढून ठेवा ना एक मिनिट.”

बाईंनी चष्मा काढला. फोटो छान, स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मदतनीस मुलीने तो हातात घेऊन नीट निरखला आणि विचारलं, “बाई, या तुमच्या थोरल्या बहीण का?”

घरी अहोंनी तो फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “कान तुझेच आहेत.”

अहो म्हणजे बाईंचे यजमान. वाचनालयात त्यांना सगळे ‘काचवाले काका’ म्हणत, कारण दर शनिवारी ते फोटोग्राफीची मासिकं चाळायला यायचे आणि जो सापडेल त्याला कॅमेऱ्यापुढे लावायच्या काचांबद्दल सांगत बसायचे. आयुष्यभर नकाशा कार्यालयात रेषा आखल्या होत्या त्यांनी. माणूस शांत, मोजून बोलणारा. पण फिल्टर हा शब्द कुणी उच्चारला की गाडी सुसाट.

बाईंना ते सगळे फिल्टर पाठ होते. पाठ म्हणजे हाताला पाठ. चाळीस वर्षं डोंगर, तळी, धबधबे पालथे घालताना कॅमेरा अहोंच्या गळ्यात असायचा आणि काचांची पिशवी बाईंच्या खांद्यावर. ती पिशवी त्यांनीच शिवली होती. आठ कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर वेगळं बटण, म्हणजे न बघता बोटांनी कळावं. अहो म्हणायचे ती इंग्रजी नावं त्यांनी कधी वापरलीच नाहीत. त्यांची स्वतःची नावं होती. साधी पारदर्शक काच होती, तिला त्या ‘पहारेकरी’ म्हणत. ती काही करायची नाही, नुसती लेन्सच्या तोंडावर बसून धूळ आणि धक्के खायची. एकदा घाटात कॅमेरा दगडावर आपटला, तेव्हा पहारेकऱ्याचे तुकडे झाले आणि मागच्या लेन्सवर ओरखडाही आला नाही. अहोंनी ते तुकडे कागदात गुंडाळून कितीतरी दिवस जपून ठेवले होते.

‘फिरकी’ म्हणजे पोलरायझर. तिची कडा गोल फिरवली की पाण्यावरची चकाकी निघून जायची आणि तळाचे गोटे दिसायला लागायचे. आभाळही एकदम गर्द व्हायचं. ‘काजळी’ म्हणजे काळीकुट्ट काच. तिच्यातून उजेड जेमतेम झिरपायचा, म्हणून फोटो निघायला कितीतरी सेकंद लागायचे, आणि तेवढ्या वेळात धबधब्याचं दूध होऊन जायचं. ‘अर्धी’ वर काळी, खाली साफ. आभाळ फार उजळ असलं की तेवढंच दाबायला. ‘धुकं’ लावलं की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या विरघळायच्या. ‘चांदणी’ लावली की प्रत्येक दिव्याला चार टोकं फुटायची; मुलीच्या पाचव्या वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत मेणबत्त्यांची नक्षत्रं झाली आहेत ती त्या चांदणीमुळे. उरल्या लाल आणि पिवळी, काळ्यापांढऱ्या फोटोंच्या जमान्यातल्या. आता त्यांना काम नव्हतं, पण काढून टाकायचा विषय बाईंनी एकदाच काढला होता.

एवढ्या सगळ्या फोटोंमध्ये बाई कुठे होत्या? होत्या ना. झाडाखाली, दगडाशेजारी, पुलाच्या टोकाला, बोटभर उंचीच्या. ‘तिथे जरा उभी राहा, म्हणजे कड्याची उंची कळेल,’ असं म्हणून उभ्या केलेल्या. बाई मुलीला हसत हसत सांगायच्या, “मी तुझ्या बाबांची फूटपट्टी आहे.”

तर स्टुडिओतला तो फोटो टेबलावर ठेवून अहो म्हणाले, “मी काढतो तुझा फोटो.”

“तुम्ही? माणसांचा?”

“का? तू काय कड्यापेक्षा अवघड आहेस?”

“चष्मा काढणार नाही मी. सांगून ठेवते.”

“काढायचा नाहीच. चष्म्यावरची चकाकी आणि तळ्यावरची चकाकी, दोन्ही सारखीच. फिरकी लावू.” आपल्या तोंडून बाईंचा शब्द निघाला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

फोटो काउंटरवरच काढायचा, हे बाईंनी ठरवलं. अहोंना मागचं दालन रिकामं हवं होतं. मागे माणसांची ये-जा असली की नजर तिकडे जाते म्हणे. ते म्हणाले, “अर्धा तास दार लावून घेऊ या.”

“छत्तीस वर्षांत कामाच्या वेळेत दार लागलेलं नाही. माझ्या फोटोसाठी लावू? लोक काय म्हणतील?”

“मग सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टीच्या दिवशी मी तिथे काय करत असते? काहीच नाही. मग फोटो कसला?”

अहोंनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. “मग काजळी. तीस सेकंदांचा फोटो घेऊ. तू हलायचं नाहीस. मागे चालणारी माणसं एका जागी टिकतच नाहीत, त्यामुळे ती फोटोत येतच नाहीत. सगळे गायब. तू तेवढी उरशील.”

“तीस सेकंद न हलता? मी?” बाईंना जेवतानासुद्धा दोनदा उठायची सवय होती.

शनिवारी सकाळी अकराला अहो ट्रायपॉड घेऊन हजर झाले. वाचनालयात ही पुस्तकं परत करायची वेळ; काउंटरवर रांग, मासिकांच्या टेबलावर गर्दी, शिपाई पुस्तकांची ढकलगाडी घेऊन कपाटांमधून फेऱ्या मारतोय. बाईंनी केस सारखे केले, समोरची नोंदवही सरळ केली, शिक्क्यांचं खोकं सरळ केलं, पुन्हा नोंदवही सरळ केली आणि शेवटी हात टेबलावर ठेवून बसल्या. मदतनीस मुलीने रांग शेजारच्या खिडकीवर घेतली.

अहोंनी काचांची पिशवी बाजूच्या टेबलावर उलगडून ठेवली. आज ती बाईंच्या खांद्यावर नव्हती. बाईंना खांदा कसा मोकळा मोकळा वाटला.

अहोंनी एक काच काढली. नाकाशी धरली. लांब धरली. खिडकीच्या उजेडात तिरकी केली. परत ठेवली, दुसरी काढली, तिचंही तसंच. मग एक ठरवून लेन्सवर बसवली आणि तिची कडा फिरवत कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहू लागले.

“जात नाही,” ते पुटपुटले. “फिरवतोय तरी जात नाही. उलट वाढलीय चकाकी. टोकं आलीत तिला.”

बाईंनी मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी पिशवीकडे पाहिलं. तिसरा कप्पा रिकामा होता.

“अहो, ती चांदणी आहे.”

अहो थांबले. “तुला तिथून कसं दिसलं?”

“काच नाही दिसली. कप्पा दिसला.”

काच काढून अहोंनी ती पुन्हा डोळ्यांजवळ नेली आणि मग हळूच खाली ठेवली, जणू कडेवरची अक्षरं वाचली. पण त्यांनी ती वाचली नव्हती, हे बाईंना लख्ख कळलं. आणि मागची दोन-अडीच वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली. पूर्वी अहो ‘पोलरायझर दे’, ‘ती काळी दे’ असं नाव घेऊन मागायचे. मग नुसता हात पुढे यायला लागला. मग ‘तूच बघ कोणती लागेल ती’. बाई आभाळाकडे बघायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि बरोबर काच हातात ठेवायच्या. त्यांना वाटायचं, स्वारीला आता तोरा चढलाय, हातात आयतं हवं असतं. मनातून थोड्या रागावल्याही होत्या.

माणसांनी भरलेल्या दालनात बोलण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्या अगदी सहज आवाजात म्हणाल्या, “दुसरा कप्पा. चौकोनी बटण.”

अहोंनी बोटांनी चाचपलं. चौकोनी बटण सापडलं. फिरकी लेन्सवर बसली. कडा फिरू लागली, हळूहळू, पाव फेरी, अर्धी फेरी.

“हनुवटी किंचित खाली... डावीकडे... तुझ्या डावीकडे गं! आता तशीच राहा.” ट्रायपॉड उचलून ते दोन पावलं बाजूला सरकले, पुन्हा कडा फिरवली. मग हात थांबला.

त्यांनी नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं.

“काय झालं? बिघडलं का?”

“नाही. दिसले.”

“काय दिसले?”

“डोळे.”

“इश्श, चाळीस वर्षं बघताय की!”

“समोर पाहिलेत. कॅमेऱ्यात आज पहिल्यांदाच.” ते पडद्यावरून नजर काढेनात. शेजारच्या खिडकीवरच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, तेव्हा ते भानावर आले.

“आता शेवटचा कप्पा,” बाई घाईघाईने म्हणाल्या, कारण त्यांचे कान गरम झाले होते. “मोठं बटण. काजळी.”

फिरकीच्या पुढे काजळी बसली. पहिला प्रयत्न फुकट गेला, कारण बाराव्या सेकंदाला एक वाचक थेट बाईंसमोर येऊन म्हणाला, “बाई, हे आणखी आठवडाभर ठेवू का?” आणि बाई सवयीने वळून म्हणाल्या, “राखून ठेवलंय का कुणी, बघते.” फोटोत बाईंना दोन डोकी आली. दुसऱ्या वेळी त्यांना शिंक आली. तिसऱ्या वेळी त्यांनी नकळत नोंदवही सरळ केली.

“अगं, हात!”

“वाकडी होती हो ती.”

आता मदतनीस मुलीला राहवेना. बाईंवर तिचा भारी जीव. तिला वाटलं, लोक इकडेतिकडे फिरतात म्हणूनच फोटो बिघडतोय. अहोंनी चौथ्यांदा बटण दाबलं आणि तिने खणखणीत आवाजात जाहीर केलं, “सगळ्यांनी आहात तिथे थांबा! बाईंचा फोटो निघतोय! कुणीही हलू नका!”

आणि दालन थांबलं.

“थांबू नका!” अहो कळवळून ओरडले. “चालत राहा! तुम्ही चाललात तरच गायब व्हाल!”

पण कॅमेऱ्यामागच्या माणसाचं कोण ऐकतो? तिथे हुकूम चालायचा तो काउंटरवरचा. मासिकांच्या टेबलाशी बसलेले उठून उभे राहिले. कपाटापाशी हात वर केलेला एक निवृत्त मास्तर हात तसाच वर ठेवून उभा. रांगेतल्या एका बाईने पोराच्या खांद्यावर हात दाबला. सगळे बाईंकडे पाहत श्वास धरून उभे होते. एवढी शांतता बाईंनी छत्तीस वर्षं ‘शांतता राखा’ची पाटी लावूनही कधी मिळवली नव्हती. त्या स्वतः तर पुतळाच झाल्या होत्या. हलायचं मनातच आलं नाही. हललं असतं तर डोळ्यांतलं पाणी खाली आलं असतं. घड्याळाचे काटे, पंख्याची कुरकुर आणि शिपायाच्या ढकलगाडीचं चाक. एवढेच आवाज. शिपाई तेवढा चालत होता, कारण चालत राहायचं असं अहोंनी त्याला आधीच बजावलं होतं आणि दिलेला शब्द पाळायचा त्याचा स्वभाव.

खट्ट असा आवाज झाला. फोटो संपला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

अहो पडद्यावर वाकून पाहू लागले. रिकामं दालन नव्हतंच. बावीस माणसं उभी होती, कडा जराशा मऊ, पण ओळखू येतील अशी. मास्तरांचा हात वर. आणि मधोमध बाई, चष्म्यासकट, चष्म्यामागे दोन काळे, जरा ओलसर, नीट दिसणारे डोळे. शिपाई मात्र कुठेच नव्हता. कपाटासमोर एक करडी रेघ तेवढी गेली होती.

“मी होतो की तिथे!” शिपाई म्हणाला. “चार फेऱ्या मारल्या मी!”

“तुम्हीच माझं ऐकलंत,” अहो म्हणाले. “म्हणून तुम्हीच गायब झालात.”

अहोंना तो फोटो पुन्हा काढायचा होता. पण बाई कॅमेऱ्यामागे आल्या, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, “हाच.”

समितीच्या अध्यक्षांनी थोडी कुरकुर केली. भिंतीवरचे पाचही फोटो एकेकट्याचे आहेत, हा घोळका शोभेल का, वगैरे. बाईंनी त्यांच्यासमोर फोटो ठेवला आणि उजवीकडे तिसऱ्या कपाटापाशी बोट टेकवलं. तिथे स्वतः अध्यक्ष उभे होते, मुदत टळून गेलेलं पुस्तक छातीशी धरून, अगदी सावधान. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. “नाही, तसा बरा आलाय,” ते म्हणाले.

पण हे पुढच्या आठवड्यातलं. त्या शनिवारी दोघं चालत घरी निघाले तेव्हा पिशवी पुन्हा बाईंच्या खांद्यावर होती. वळणावर त्यांनी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“अहो.”

अहो आणखी दहा पावलं चालले. “दोन वर्षं झाली असतील. बारीक अक्षरं फिस्कटतात. दिव्याभोवती वलय दिसतं. लांबचं ठीक आहे तसं.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“गरजच पडली नाही. हात पुढे केला की बरोबर काच यायची. मग म्हटलं, चाललंय की.”

बाईंना रागवायचं होतं. चांगलं झणझणीत काहीतरी ओठांवर आलंही होतं. पण त्याच्याबरोबर हसूही आलं आणि दोन्ही एकात एक अडकून बसलं. “मला वाटलं, साहेब झालात.”

“साहेब? मी?” अहो मनापासून चकित झाले. “मी तर भीत होतो, कधीतरी चुकीची काच देशील आणि मला कळणारच नाही.”

“दिली का कधी?”

“मला कसं कळणार?”

आता मात्र बाई रस्त्यातच थांबून हसल्या, इतक्या की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने वळून पाहिलं. मग पदराला नाक पुसून म्हणाल्या, “सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी रजा टाकतेय. एकही सबब ऐकणार नाही.”

छत्तीस वर्षांत बाईंनी रजा टाकली होती ती मोजून. अहोंनी सबब सांगितली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर लाकडी खोकं होतं. त्यात मखमलीच्या खाचांमध्ये ओळीने गोल काचा, प्रत्येकीला बारीक दांडी. अहोंनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसायचंच विसरले.

“किती आहेत या?”

“बसा काका. समोरची ओळ वाचा. असं बरं दिसतं, का असं?”

“तुम्ही आत्ता कितवी लावलीत? आणि दोन एकदम लावता येतात वाटतं? मध्ये चकाकी नाही येत?”

“काका, ओळ.”

बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तोंडावर रुमाल दाबत होत्या. अर्ध्या तासात डॉक्टरीणबाईंनी खोक्यातल्या चार काचांची माहिती दिली, पाचव्या वेळी खोकंच उचलून आपल्या पाठीमागे ठेवलं, आणि मग निदान सांगितलं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. घाबरण्यासारखं काही नाही. आतली गढूळ झालेली लेन्स काढायची, नवी बसवायची.

“नव्या लेन्सवर अतिनील किरण अडवणारा थर असतो का?” अहोंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “असतो. सहसा कुणी विचारत नाही.”

अहोंनी अशा काही ऐटीत बाईंकडे मान वळवली, की जणू तो थर त्यांनीच शोधून काढला होता.

बाईंच्या निवृत्तीनंतर दहा दिवसांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. घरी आल्यावर अहो खिडकीशी बसले आणि एकेक गोष्ट पाहू लागले. पडदा मळकट नाही, पांढरा आहे, हा शोध लागला. समोरच्या घराचं दार हिरवं नसून निळं निघालं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला बारीक मजकूर त्यांनी लांबूनच मोठ्याने वाचून दाखवला, सगळा, तळाच्या छापखान्याच्या पत्त्यासकट. बाई डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन शेजारी येऊन बसल्या.

“वर बघा.”

अहोंनी वर पाहण्याऐवजी त्यांच्याकडेच पाहिलं. बराच वेळ.

“तुझे एवढे केस पांढरे कधी झाले गं?”

“केव्हाच. तुम्हीच उशिरा आलात.” त्यांनी त्यांची हनुवटी धरून वर केली. “आता हलू नका.”

पहिला थेंब गालावर पडला. दुसरा बरोबर डोळ्यात.